एका वर्षाची इजाजत

मागच्या वर्षी बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी ८ जूनला, माझी एक जुनी विद्यार्थिनी खेडहून दिव्याच्या गाडीत बसली. सोबत एक बॅग, कुर्बानीच्या गोश्तचा डबा आणि अब्बांनी दिलेली एका वर्षाची इजाजत. बीएस्सी झालेली, बावीस वर्षांची. मुंबईला ती नोकरीसाठी निघाली नव्हती आणि पुढच्या शिक्षणासाठीही नाही. परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांना मदत करणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती स्वयंसेवक म्हणून जात होती. पगार नाही. गाडीभाडे आणि दुपारचे जेवण एवढेच मिळणार होते.

तिचे नाव मी इथे देत नाही. तिनेच नको म्हटले. "मॅडम, लिहा, पण मोहल्ल्यात कळेल असे लिहू नका," असे तिचे म्हणणे. मोहल्ल्याला कळायचे ते कळलेच आहे, पण तिचा शब्द मी पाळते.

घरात या गोष्टीवरून काय झाले असेल हे वाचकांना वेगळे सांगायला नको. अब्बा बरीच वर्षे कुवेतला होते, आता परत आलेत. त्यांचा प्रश्न साधा होता : "लोकांची मुले शहरात जाऊन पैसे पाठवतात. माझी मुलगी जाणार आणि पैसे मी पाठवायचे?" अम्मीची काळजी वेगळी होती. मुलगी वयात आलेली, दोन ठिकाणांहून विचारणा झालेली. मध्ये एक वर्ष गेले तर लोक काय समजतील? शेवटी अम्मीचे भाऊ मुंब्र्याला कौशात राहतात, त्यांच्याकडे राहायचे या अटीवर हो म्हटले गेले. त्यात माझाही थोडा हात होता. "एक वर्ष काही मोठे नसते," असे मी तिच्या अब्बांना म्हटले होते. माझे हे वाक्य नंतर वर्षभर मलाच ऐकवले गेले.

सोमवारी ९ जूनला तिचा कामाचा पहिला दिवस होता. त्याच सकाळी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काही जणांचा जीव गेला. सगळ्यांना ती बातमी आठवत असेल. मुलगी तेव्हा घरातच होती, निघण्याच्या तयारीत. मामूंनी तिला उंबरठ्यावरच थांबवले. अम्मीने त्या दिवशी तिला अकरा वेळा फोन केला आणि बाराव्या वेळी मला. "मॅडम, तुम्हीच सांगा तिला परत यायला." मी काहीच सांगितले नाही. काय सांगायचे ते मलाही सुचत नव्हते, हे खरे.

बुधवारी मामी तिच्यासोबत निघाल्या. मामींनी तिला जे शिकवले ते कुठल्या पुस्तकात नाही. कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेली गाडी मुंब्र्याला थांबते, पण आत जायला जागा नसते. म्हणून आधी बसने ठाणे गाठायचे आणि ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल पकडायची. लेडीज डब्यात शिरल्याबरोबर बसलेल्या बायकांना विचारायचे, "कुठे उतरणार?" जी घाटकोपर किंवा कुर्ला म्हणेल तिच्यासमोर उभे राहायचे, ती जागा आपली. तीन जणींच्या बाकावर चौथी म्हणून टेकायला मिळाले तर अल्हमदुलिल्लाह म्हणायचे. ओढणीला पिन लावायची, बॅग पुढे घ्यायची, आणि उतरायचे स्टेशन येण्याआधी दोन स्टेशने दाराकडे सरकायला सुरुवात करायची. पहिल्या आठवड्यात ती दोनदा परळला उतरूच शकली नाही. दादरला दाराकडे सरकली, पण चढणाऱ्या बायकांनी तिला परत आत ढकलले, आणि ती थेट करी रोडला पोहोचली.

आता कामाकडे येते. पण त्याआधी ती तिथेच का गेली हे सांगायला हवे, कारण ती गोष्ट आपल्यापैकी अनेक घरांतली आहे.

तिची दादी मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावून अर्धा तास गप्पा मारत बसायचे. कोकणात काय, देशावर काय, जुन्या बायकांत ही सवय सर्रास. सिगारेट ओढणाऱ्या मुलाला घराबाहेर काढणाऱ्या आपल्या दादी-नानी मशेरीला व्यसन मानत नाहीत, दात घासणे मानतात. दादीच्या गालात आतून पांढरा चट्टा आला. मग तो जाड झाला, मग तिखट लागेना. दोन वर्षे मध, हळद, दम केलेले पाणी, कोणीतरी दिलेली पुडी असे चालले. चिपळूणच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला तेव्हा कळले, आणि मग परळ. अब्बा तेव्हा कुवेतला. चाचा दादीला घेऊन गेले, सोबत ही दहावीतली मुलगी, कारण घरात इंग्रजी तिलाच वाचता येत होते. फार उशीर झाला होता. दादी सहा महिन्यांत गेली. मुलीच्या लक्षात राहिले ते वेगळेच. पहिल्या दिवशी एवढ्या गर्दीत कुठे जावे कळत नसताना एक अनोळखी तरुण चाकाची खुर्ची घेऊन आला, दादीला बसवले, कागद कुठे दाखवायचा ते सांगितले आणि नाव न सांगता निघून गेला. "मॅडम, त्या दिवशी चाचा पहिल्यांदा खाली बसले," ती मला म्हणाली होती.

टाटा रुग्णालय परळला १९४१ साली सुरू झाले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, आणि पुढे दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने हे रुग्णालय उभारले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. महाराष्ट्रातले रुग्ण तर येतातच, पण बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, आसाम इथूनही दोन-दोन दिवस रेल्वेने प्रवास करून लोक येतात. उपचार एका दिवसाचा नसतो. केमो म्हणजे महिने, रेडिएशन म्हणजे रोज जायचे आणि तेही काही आठवडे. तोवर राहायचे कुठे? दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणखीही काही ठिकाणे आहेत, पण येणाऱ्यांची संख्या पाहता ती पुरत नाहीत. मग आजूबाजूच्या पदपथावर चटई पसरून, फाईल उशाशी घेऊन माणसे राहतात. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला भेटायला गेले तेव्हा हे डोळ्यांनी पाहिले. एका बाईने स्टोव्हवर खिचडी चढवली होती. बाजूला तिचा नवरा नाकात नळी घालून भिंतीला टेकून बसला होता. मी तिथे फार वेळ थांबू शकले नाही.

आमची मुलगी अशा लोकांचे कागद लावते. ऐकायला फार सोपे वाटते. महाराष्ट्रातला रुग्ण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते, आणि दोन्हींवरच्या नावांत फरक असला की काम अडते. आपल्या समाजात तर हे घरोघर आहे. रेशनकार्डावर 'शेख फातिमाबी', आधारवर 'फातिमा शेख' आणि दवाखान्याच्या कागदावर तिसरेच काही. योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे कोणते कागद घेऊन जायचे ते ती आधी तपासून देते. रेल्वेची सवलत बऱ्याच जणांना माहीतच नसते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असते, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. हे सांगायला कोणी नसल्याने लोक कर्ज काढून तिकिटे काढतात.

पहिल्या दोन महिन्यांत तिच्या हातून तीन चुका झाल्या. तिने त्या मला स्वतःहून सांगितल्या. मी त्या इथे लिहिते आहे, कारण उद्या आपल्या घरातून कोणी अशा कामाला निघाले तर ते याच चुका करील.

पहिली चूक अशी. बिहारचा एक माणूस फाईल घेऊन आला आणि म्हणाला, "बेटी, इसमें क्या लिखा है?" तिने वाचले आणि सांगून टाकले, की आजार यकृतापर्यंत गेला आहे. त्याची बायको, म्हणजे ती रुग्ण, मागेच उभी होती. नवऱ्याला आणि डॉक्टरांना तिला हे कसे, किती आणि केव्हा सांगायचे होते, हे सगळे एका क्षणात मोडले. ती बाई रडली नाही. तिने फाईल हातातून घेतली, पिशवीत नीट ठेवली आणि जिना उतरून गेली. संध्याकाळी संस्थेच्या ताई या मुलीला एवढेच म्हणाल्या, "तुला वाचता येते म्हणजे सांगायचा हक्क आला असे नाही. ते डॉक्टरांचे काम." ती रात्री मला फोन करून खूप रडली. परत यायचे म्हणाली. अम्मीचा फोन आला होता तेव्हा मी गप्प राहिले होते, या वेळी बोलले. म्हटले, उद्या जा आणि त्या बाईला शोध. ती तिसऱ्या दिवशी सापडली, रेडिएशनच्या रांगेत. मुलीने माफी मागितली. बाई म्हणाली, "हमको तो मालूम ही था, बिटिया. बस इनको नहीं मालूम था कि हमको मालूम है."

दुसरी चूक, तिने आपला मोबाइल नंबर सर्वांना दिला. रात्री एक वाजता उलट्यांचे फोन, पहाटे तिकिटाचे फोन. एकदा तर केमो झालेल्या मुलाला ताप आल्याचा फोन आला आणि तिने उत्तर दिले, सकाळी बघू. केमोनंतर शरीराची ताकद इतकी उतरलेली असते की तापाला सकाळपर्यंत थांबायचे नसते, त्याच वेळी रुग्णालय गाठायचे असते. हे तिला माहीत नव्हते. सुदैवाने त्या मुलाच्या शेजारी झोपलेल्या दुसऱ्या रुग्णाच्या भावाला माहीत होते. त्याने टॅक्सी केली.

तिसरी चूक पैशांची. अब्बांनी पाठवलेल्यातले दोन हजार रुपये तिने एका म्हाताऱ्याला देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी टेबलासमोर सात जण उभे. आता तिचा नियम पक्का आहे : हातात रोख देत नाही, नंबर देत नाही, आणि होईल असा शब्द देत नाही. जकात-सदक्याचे पैसे कोणी दिले तर ते संस्थेच्या पावतीने जातात. मी वीस वर्षे मुलांकडून परोपकारावर निबंध लिहून घेते आहे. त्यांतला एकही निबंध तिला या टेबलावर उपयोगी पडला नसता.

चार महिन्यांनी मुंब्र्याहून येणे-जाणे अंगावर यायला लागले. परळजवळ खोली पाहायला सुरुवात केली. दोन ठिकाणी सगळे ठरले आणि नाव सांगितल्यावर मोडले. एका ठिकाणी बाईंनी निदान सरळ सांगितले, दुसरीकडे "पाहुणे येणार आहेत" असे कळवले. ती यावर फार बोलत नाही. मला म्हणाली, "मॅडम, दिवसभर त्याच गल्लीतल्या लोकांची पत्रे मी मराठीत लिहून देते." मग भायखळ्याला मुलींच्या एका वसतिगृहात जागा मिळाली. तीन स्टेशनांवर परळ. खोलीत चौघी : एक लातूरची, एक केरळची, एक नाशिकची. अम्मीने पाठवलेला सुका जवळा तिने एकदाच तळला आणि तिघी खिडकीबाहेर डोके काढून बसल्या. आता जवळा मामींकडे, आणि रविवारी ती तिकडे.

तिथल्या कामात तिच्या दोन्ही भाषा लागतात. बिहार-बंगालच्या माणसांशी उर्दूवजा हिंदी, आणि बुलढाण्या-बीडच्या शेतकऱ्यांशी मराठी. गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक आजोबा तिच्या स्कार्फकडे पाहून आधी हिंदीत बोलायला लागले, तेही अडखळत. ती म्हणाली, "बाबा, मराठीत बोला, मी खेडची." आजोबा म्हणाले, "मग मघापासून मला कशाला घाम फोडलास?" त्यानंतर ते दुसऱ्या कोणाच्या टेबलावर जाईनात.

डिसेंबरात एका अकरा वर्षांच्या मुलाला प्लेटलेट लागल्या. रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना त्या वारंवार लागतात, आणि प्लेटलेट साठवून ठेवता येत नाहीत, पाचच दिवस टिकतात. त्यामुळे देणारे सतत लागतात. यंत्रावर एका माणसाच्या रक्तातून फक्त प्लेटलेट काढून बाकीचे रक्त त्याला परत देतात. तास-दीड तास लागतो. मुलगी मोठ्या हौसेने पुढे झाली. वजन ४३ किलो आणि हिमोग्लोबिन १०.८. परत पाठवली. रक्त द्यायला निदान ४५ किलो वजन आणि १२.५ हिमोग्लोबिन लागते. तिला फार शरम वाटली. तिथल्या परिचारिका म्हणाल्या, रोज चार मुली अशाच परत जातात. तेव्हापासून ती नाश्ता चुकवत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेते, नाचणीची भाकरी, मेथी, कलेजी खाते, आणि जेवणानंतर लगेच चहा घेत नाही. आपल्या घरातल्या मुलींचे हिमोग्लोबिन शेवटचे कधी तपासले होते, हे आज संध्याकाळी जरा आठवून पाहा. मी माझ्या मुलीचे तपासून घेतले. आकडा सांगत नाही.

रमजानमध्ये तिला वाटले होते की रोजे ठेवून हे काम होणार नाही. झाले. जिन्याखालच्या कोपऱ्यात जोहरची नमाज, आणि इफ्तारच्या वेळी लातूरची मैत्रीण खजुराची डबी घेऊन वसतिगृहाच्या दाराशी उभी. तिला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. रुग्णांपैकी काही जण रोजे ठेवायचे म्हणून गोळ्या बंद करत. आजाऱ्याला मुभा आहे हे तिने सांगितले तर ऐकत नसत, "तू लहान आहेस" म्हणत. मग तिने जवळच्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विनंती केली. ते एका दुपारी आले, पदपथावरच बसले आणि पाऊण तास लोकांशी बोलले. त्या दिवसानंतर तिघांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. एका चाचांनी नाही केल्या.

तो अकरा वर्षांचा मुलगा मार्चमध्ये गेला. हे तिने मला फोनवर नाही, आठ दिवसांनी पत्रात लिहिले. पत्र उर्दूत होते. त्याच्या वडिलांना गावी जायच्या गाडीचे काम तिने करून दिले, स्टेशनपर्यंत सोबत गेली आणि मग भायखळ्याला न उतरता तशीच लोकलमध्ये बसून कल्याणपर्यंत जाऊन आली. दुसऱ्या दिवशी वेळेवर टेबलावर होती. ताईंनी तिला चार दिवस सुट्टी घ्यायला लावली.

आता वर्ष संपत आले आहे. बकरी ईदला ती घरी येणार. अब्बांच्या हिशेबात इजाजत तिथे संपते. विचारणा झालेल्या दोन घरांपैकी एक अजून थांबले आहे, मुलगा चांगला आहे, दुबईला आहे. मुलीच्या मनात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घ्यायचे आहे, म्हणजे रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून पगाराची नोकरी करता येईल. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली निघाली, तीही दोराबजींच्याच ट्रस्टची. प्रवेश परीक्षा देऊन तिथे जाता येते. चर्चगेटला निर्मला निकेतन आहे. हे सगळे तिने कागदावर लिहून मला पाठवले आहे, फीसकट, शिष्यवृत्तीसकट. अब्बांना दाखवायची तिची हिंमत होत नाही.

गेल्या शुक्रवारी तिच्या अब्बांचाच मला फोन आला. मला वाटले, आता ऐकावे लागणार. इकडचे-तिकडचे झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम, आमच्या शेजारच्या खालाच्या गालात चट्टा आलाय. मशेरी लावते. मी मुलीला फोन केला होता. ती म्हणाली, थांबू नका, लगेच तपासा. मी आज खालाला चिपळूणला घेऊन गेलो होतो." मग थोडे थांबून म्हणाले, "तुम्ही रविवारी घरी या. काही बोलायचे आहे."

तो कागद मी पर्समध्ये ठेवला आहे. रविवारी जाते.